चोरून आत येणारी हवा

सिग्नलला उभी असताना थरथरणारी, आरपीएमचा काटा उगाच वर-खाली करणारी आणि हायवेला लागली की सुतासारखी सरळ पळणारी पेट्रोल गाडी पुष्कळांनी अनुभवली असेल. अशा गाडीवर पहिला खर्च होतो तो स्पार्क प्लगवर. मग इंजेक्टर साफ होतात, थ्रॉटल बॉडी साफ होते, कॉइल बदलली जाते, एखादा सेन्सरही नवा येतो. थरथर तशीच राहते. बऱ्याचदा दोष बॉनेटखालच्या करंगळीएवढ्या एका रबरी नळीत असतो. निप्पलवर, म्हणजे ज्या आखूड नळकांड्यावर ती चढवलेली असते तिथे, तिला चीर गेलेली असते आणि इंजिन तिथून हवा ओढत असतं.

या व्हॅक्यूमच्या नळ्या घरी, पार्किंगमध्ये उभं राहून बदलता येतात. माझं तर ठाम मत आहे की, हे काम गाडीच्या मालकानं स्वतः करावं. त्याला हातोटी थोडी लागते आणि सावकाशपणा फार लागतो. दिवसभर गाड्यांची रांग लागलेल्या गॅरेजात एकेक नळी काढून, वाकवून, उजेडात धरून पाहायला कुणाला वेळ असतो? मालकाकडे रविवारची सकाळ असते.

आधी या नळ्यांतली ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, येते कुठून ते पाहू. पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा आत खेचतो, पण तिच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, म्हणजे आयडलिंगला, ही झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन खेचत राहतात, हवा पुरेशी मिळत नाही आणि झडपेच्या पलीकडे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब खूप उतरतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये तो ३० ते ४० किलोपास्कलच उरतो. व्हॅक्यूम गेजवर हाच फरक १७ ते २१ इंच पारा असा दिसतो. गेज वापरणाऱ्यांनी उंचीचा हिशेब मात्र धरावा. दर हजार फुटांमागे वाचन साधारण एका इंचानं उतरतं. मुंबईत १९ इंच दाखवणारी धडधाकट गाडी पुण्यात १७ च्या आसपास दाखवेल आणि महाबळेश्वरला पोचल्यावर १५ च्याही थोडी खाली. तिथे गेज लावून इंजिन बिघडलं असं ठरवलं, तर चांगल्या इंजिनावर अन्याय होईल.

हा उतरलेला दाब म्हणजे फुकट मिळालेली ताकद, आणि गाड्या बनवणाऱ्यांनी तिच्याकडून शंभर कामं करून घेतली. अमेरिकी गाड्यांत अनेक दशकं वायपर याच ओढीवर चालत. चढावर थ्रॉटल उघडला की ओढ कमी व्हायची आणि ऐन पावसात वायपर मंदावायचे. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरला चिकटलेली एक चपटी डबी असायची. तिच्यात पडदा होता. बारीक नळीतून आलेली ओढ तो पडदा खेचायची आणि इंजिनावर भार कमी असताना ठिणगी थोडी आधी पडायची. ती नळी फाटली तर गाडी बंद पडत नसे, फक्त पिकअप आणि ॲव्हरेज गुपचूप कमी व्हायचं. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, बरीचशी कामं विजेच्या तारांकडे गेली आणि नळ्यांची संख्या घटली. उरल्या त्या मात्र महत्त्वाच्या आहेत.

त्यांतली सर्वांत जाड नळी ब्रेक बूस्टरला जाते. बूस्टर म्हणजे ब्रेक पेडलच्या पुढचा, इंजिनाच्या बाजूनं दिसणारा काळा, थाळीसारखा डबा. त्याच्यातल्या पडद्याच्या एका अंगाला इंजिनाची ओढ असते. पेडल दाबलं की दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा येते. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक मिळाला तरी पायाच्या मदतीला जवळजवळ १९० किलो वजनाइतका जोर येतो. ही नळी निकामी झाली तर ब्रेक जात नाहीत, पण ही मदत जाते. पेडल दगडासारखं होतं आणि ज्याला सवय नाही त्याचा पाय कमी पडतो.

दुसरी नळी पीसीव्ही वाल्व्हची. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये निसटतोच. ऑइलची वाफ मिसळलेला तो वायू या नळीतून परत मॅनिफोल्डमध्ये जाऊन जळतो. तिसरी नळी पेट्रोलच्या टाकीतली वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडून येते. काही इंजेक्शन गाड्यांत एक बारीक नळी फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला जाते, तर काहींत दाब मोजणारा मॅप सेन्सर मॅनिफोल्डला अशाच नळीनं जोडलेला असतो. डिझेल गाड्यांची तऱ्हा वेगळी. साध्या डिझेल इंजिनात हवेची वाट अडवून वेग ठरवत नाहीत, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ तयार होत नाही. तिथे बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात. अनेक टर्बो डिझेलमध्ये टर्बोचा ॲक्च्युएटरही त्याच पंपाच्या ओढीवर हलतो. म्हणून डिझेल गाडीत नळी फाटली तर आयडलिंग बहुधा ठीक राहतं, पण चढावर दम लागतो किंवा पेडल जड होतं.

आता चिरेकडे वळू. शहाळ्याच्या स्ट्रॉला वर चीर पडली की कितीही ओढलं तरी तोंडात पाणी कमी आणि हवाच जास्त येते. इंजिनाचं तसंच होतं, पण त्यातले आकडे पाहण्यासारखे आहेत. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहून कमी असतो. इतका फरक असला की भोकातून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारा सूं आवाज तो हाच. ३ मिलिमीटरच्या भोकातून अशा वेळी दर सेकंदाला एक ग्रॅमहून थोडी जास्त हवा आत जाते. १.२ लिटरचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला जेमतेम अडीच ग्रॅम हवा घेतं. म्हणजे एवढ्याशा भोकानं त्याच्या आहारात चाळीस-पन्नास टक्क्यांची भर पडली. तेच इंजिन हायवेवर पूर्ण जोरात असताना ५० ग्रॅमच्या आसपास हवा घेतं, थ्रॉटल उघडा असल्यानं ओढही उरत नाही आणि भोकातून येणारी हवा हिशेबात धरण्याजोगी राहत नाही. सिग्नलला थरथरणारी गाडी हायवेला सुधारते ती यामुळे. उभ्या गाडीत त्रास आणि धावताना आराम ही जोडी दिसली, तर प्लगवर पैसे घालण्याआधी नळ्या पाहाव्यात.

मग गाडीचा कॉम्प्युटर ही हवा सांभाळून का घेत नाही? थोडीफार घेतो, आणि त्यामुळेच दोष लपतो. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी. ज्या गाडीत आत येणारी हवा एअर फिल्टरनंतर लगेच मोजणारा मॅफ सेन्सर असतो, तिथे चिरेतून आलेली हवा मोजणीत येतच नाही. पेट्रोल कमी पडतं, गाडी मिसिंग करते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत नेतो आणि त्याची मर्यादा संपली की चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर बहुधा पी०१७१ हा कोड दिसतो. मॅप सेन्सरवाल्या गाड्यांत उलटं घडतं. चिरेतून हवा आली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, सेन्सर तो वाढलेला दाब पाहतो आणि कॉम्प्युटर त्या हवेलाही पेट्रोल देतो. मग गाडी थरथरत नाही, आयडलिंगच चढं राहतं. ७५०-८०० ऐवजी काटा १२००-१५०० वर बसतो किंवा झोके घेत राहतो. एकाच चिरेची दोन गाड्यांत दोन लक्षणं दिसतात. शेजाऱ्याच्या गाडीला लागू पडलेला उपाय आपल्या गाडीला लागू पडेलच असं नसतं, याचं हे एक कारण.

रबर फाटतं कशानं? उष्णतेनं ते कडक होतं, ऑइलच्या वाफेनं फुगून बुळबुळीत होतं, पण खरी चीर पाडतो तो हवेतला ओझोन. ताणलेल्या रबरावर तो ताणाच्या आडव्या दिशेनं चिरा पाडतो. ताण नसलेल्या रबराला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. नळी सर्वांत जास्त ताणलेली असते ती निप्पलवर चढवलेल्या टोकाशी आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला. चिरा नेमक्या तिथेच सापडतात. म्हणून नळीकडे वरवर पाहून भागत नाही. टोकाजवळ धरून ती हलकेच वाकवावी आणि मग पाहावी. सरळ असताना धड वाटणारी नळी वाकवल्यावर जाळीसारखी उघडते. आणखी एक शत्रू पावसाळ्यात येतो. उंदीर गरम इंजिनाच्या आडोशाला येतात आणि नळ्या, तारा कुरतडतात. आठवडाभर उभी राहिलेली गाडी अचानक बिघडली, तर आधी दातांच्या खुणा शोधाव्यात.

चीर सापडत नसेल तर जुन्या बागेच्या पाइपचा दोन-अडीच फुटी तुकडा घ्यावा. एक टोक कानाशी धरून दुसरं चालू इंजिनाच्या नळ्यांवरून फिरवावं. पंखा आणि पट्ट्यापासून हात, बाही, ओढणी लांब ठेवावी. आवाज कुठून येतो ते इतक्या साध्या साधनानं चकित करण्याइतकं नेमकं कळतं. दुसरा मार्ग फवारणीच्या बाटलीतल्या साबणाच्या पाण्याचा. टायरच्या पंक्चरसारखे बुडबुडे इथे येणार नाहीत, कारण हवा बाहेर येत नसून आत जाते आहे. पाणी चिरेवर पडलं की क्षणभर चीर बुजते, आवाज बदलतो आणि आरपीएम हलतो. विजेच्या जोडण्यांवर ते उडू देऊ नये. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ज्वालाग्राही असतो आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून घरी तो मार्ग मी कुणालाही सांगणार नाही. शंका एकाच नळीची असेल तर कापड गुंडाळलेल्या पकडीनं ती हळूच चिमटून पाहावी. आयडलिंग सुधारलं, तर दोष चिमट्याच्या पलीकडे आहे.

खरेदीत लोक सर्वाधिक फसतात. दुकानात मीटरवर मिळणाऱ्या सगळ्या काळ्या नळ्या सारख्या दिसतात, त्यांचे स्वभाव मात्र वेगळे असतात. नायट्राइल रबर पेट्रोल आणि ऑइलला दाद देत नाही, पण ओझोनपुढे ते दुबळं असतं. म्हणून चांगल्या नळीत आत नायट्राइल आणि बाहेर दुसऱ्या रबराचं आवरण असतं. ईपीडीएम रबर ऊन, उष्णता, ओझोन सगळं सोसतं, पण ऑइल किंवा पेट्रोलची वाफ लागली की फुगतं. सिलिकॉनच्या निळ्या-लाल नळ्या दिसायला देखण्या असतात आणि उष्णताही भरपूर सोसतात, पण पेट्रोलची वाफ त्यांच्यातून झिरपते आणि ऑइलनं त्या खराब होतात. मॅप सेन्सरसारख्या कोरड्या जागी सिलिकॉन चालेल. पीसीव्हीला, कोळशाच्या डब्याला आणि प्रेशर रेग्युलेटरला पेट्रोल-ऑइल सोसणारीच नळी हवी. मत्स्यालयाची पारदर्शक नळी किंवा काच धुण्याच्या पाण्याची नळी इथे लावू नये. ती उष्णतेनं मऊ पडते आणि ओढीनं आतल्या आत चपटी होते. मग बाहेरून नळी जागेवर दिसते आणि आतली वाट बंद झालेली असते.

ब्रेक बूस्टरच्या नळीबाबत मी जराही तडजोड करणार नाही. ती त्या गाडीच्या त्या मॉडेलची, कंपनीच्या पार्ट नंबरची घ्यावी. तिची भिंत जाड असते, वळणं साच्यात घडवलेली असतात आणि पुष्कळदा तिच्या पोटातच एकतर्फी वाल्व्ह बसवलेला असतो. मीटरवरची नळी कापून तिथे घातली तर तो वाल्व्ह जुन्या नळीबरोबर कचऱ्यात जातो. वाल्व्ह सुटा असेल तर तोंडानं फुंकून तपासता येतो. बूस्टरच्या बाजूनं फुंकलेली हवा पार जायला हवी, इंजिनाच्या बाजूनं फुंकलेली अडायला हवी.

माप घेताना जुन्या नळीचं टोक मोजू नये. वर्षानुवर्षं निप्पलवर ताणून ते सैल झालेलं असतं. मधला भाग कापून त्याचा आतला व्यास मोजावा. बारीक नळ्या बहुधा ३ ते ५ मिलिमीटरच्या असतात. त्याहून सोपं म्हणजे जुनी नळी सोबत घेऊन दुकानात जावं. पुण्यात नाना पेठेत काउंटरवरचा माणूस ती बोटात धरून माप सांगतो. नवी नळी निप्पलवर थोडा जोर लावूनच चढली पाहिजे. सहज सरकली तर ती मोठी आहे.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं. हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. अल्टरनेटर किंवा स्टार्टरच्या तारांजवळ हात जाणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवावी. मग मोबाइलवर फोटो काढावेत, वरून, बाजूंनी, जवळून, लांबून. जितके वाटतात त्याहून जास्त काढावेत. काही गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो. तो असेल तर त्याचाही फोटो घ्यावा.

आणि मग एकच नियम, जो मोडायचा नाही: एका वेळी एक नळी. जुनी काढायची, नवी कापायची, बसवायची आणि मगच पुढच्या नळीला हात लावायचा. सगळ्या नळ्या एकदम उपटून टेबलावर मांडल्या की सारख्या जाडीचे तीन-चार निप्पल समोर उरतात आणि कोणती नळी कुठली ते फोटोतूनही कळत नाही. १९८० च्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या जपानी गाड्यांवर प्रदूषणाच्या नियमांसाठी नळ्यांचं अक्षरशः जंगल असायचं. तशी एखादी जुनी गाडी हाती असेल तर प्रत्येक टोकाला मास्किंग टेप लावून आकडा लिहिणं भागच आहे.

जुनी नळी कधीही सरळ ओढू नये. आधी दोन बोटांत धरून ती गोल फिरवावी, म्हणजे चिकटलेलं रबर सुटतं. तरीही निघत नसेल तर ब्लेडनं टोकाशी लांबीच्या दिशेनं कापून सोलून काढावी. ब्लेड निप्पलला लागता कामा नये, कारण प्लॅस्टिकच्या निप्पलवर ओरखडा गेला तर नवी नळीही तिथून हवा घेईल. वर्षानुवर्षं तापलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. निप्पल तुटला तर दहा-वीस रुपयांचं काम हजारांत जातं, म्हणून सगळी हळुवारपणाची शिदोरी इथे खर्च करावी.

काढलेली नळी लगेच टाकू नये. ती बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपावी. काही नळ्यांच्या आत पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा बारीक छिद्राचा तुकडा असतो. ओढ किती वेगानं पोचावी हे तो ठरवतो, आणि तो नव्या नळीत त्याच जागी घालावा लागतो. मधे बसवलेल्या एकतर्फी वाल्व्हची दिशाही फोटोत पाहून तशीच ठेवावी. मग नळीचा वास घ्यावा. प्रेशर रेग्युलेटरच्या नळीला आतून पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर दोष नळीचा नाही. रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल या वाटेनं थेट इंजिनात जातं आहे. अशा वेळी नळी बदलून गाडी बाहेर काढू नये, रेग्युलेटर बदलावा. पीसीव्हीची नळी चिकट गाळानं भरलेली असेल, तर वाल्व्हही त्याच दिवशी बदलावा. तो महाग नसतो.

नवी नळी जुनीच्या लांबीची आणि टोकं काटकोनात कापलेली असावीत. आखूड नळी इंजिन हललं की ताणली जाते, आणि ताणलेल्या रबराचं ओझोन काय करतो ते वर आलंच आहे. फार लांब नळी वळणावर मुडपते. मीटरवरची सरळ नळी अरुंद वळणात चपटी होत असेल तर तिथे साच्यातली, वळणाची नळीच घ्यावी. नळी चढत नसेल तर टोक कोमट पाण्यात मिनिटभर धरावं किंवा पाण्याचं बोट लावावं. ग्रीस आणि इंजिन ऑइल लावू नये. त्यांनी ऑइल न सोसणारं रबर फुगतं आणि नळी पुढे घसरून निघते. निप्पलच्या गळ्यावरचा उंचवटा पार करून ती आत गेली पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. मूळ स्प्रिंग क्लिप चांगली असेल तर तीच ठेवावी. रबर आकसलं तरी ती स्वतःहून आवळत राहते. स्क्रूची क्लिप बारीक नळीला गोल आवळत नाही, कोपऱ्यात फट ठेवते. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी त्याच्यापासून लांब बांधावी, पण केबल टाय इतका आवळू नये की तोच तिला चिमटेल.

काम झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पेडल पाच-सहा वेळा दाबावं, म्हणजे बूस्टरमधली उरलेली ओढ संपते आणि पेडल कडक होतं. ते तसंच दाबून धरून गाडी सुरू करावी. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला ओढ पोचते आहे. मग दोनेक मिनिटांनी इंजिन बंद करावं, थोडं थांबावं आणि पुन्हा पेडल दाबावं. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दाब कडक लागला तर एकतर्फी वाल्व्ह, नळी किंवा बूस्टर ओढ धरून ठेवत नाही, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

आयडलिंग मात्र लगेच गोड झालं नाही तरी घाबरून पुन्हा नळ्या उपसू नयेत. चिरेची हवा भरून काढायला कॉम्प्युटर महिनोन्‌महिने जास्त पेट्रोल देत आलेला असतो आणि चीर बुजल्यावरही काही काळ तो जुन्याच हिशेबानं वागतो. स्कॅनरनं जुना कोड पुसला किंवा बॅटरीची तार काही वेळ सोडून ठेवली तर बऱ्याच गाड्यांत तो हिशेब नव्यानं सुरू होतो. नाहीतर रोजच्या चालण्यातही तो आपोआप जुळत जातो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलची ही वाढ-घट, पाहता येत असेल तर आयडलिंगला १५-२० टक्के वर चढलेला आकडा पाच-सातच्या आत उतरतो. आठवड्याभराच्या तापण्या-थंड होण्यानंतर सगळ्या क्लिपा एकदा बोटांनी हलवून पाहाव्यात. एखादी सैल निघाली, तर ती बहुधा नव्या नळीचं टोक कमी आत गेल्यानं निघते. ते अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवलं की काम होतं.